नांदूर मध्यमेश्वरला पहिल्यांदा जाताना: कार्तिकातला एक पूर्ण दिवस

माझ्या पहिल्या फेरीची नोंदवही अजून कपाटात आहे. त्या दिवसाच्या पानावर एकच ओळ सापडते: 'काळी बदकं, अंदाजे २००.' ती बदकं नव्हती आणि धड काळीही नव्हती. मी रविवारी सकाळी दहाला, लाल जॅकेट घालून, थेट सूर्याकडे तोंड करून उभा होतो. त्या उजेडात पाण्यावरचं काहीही काळंच दिसतं. शेजारचे एक आजोबा शांतपणे दुर्बीण लावून हसत होते. ते दुर्बिणीतलं काही बघून हसत नव्हते, हे बरंच उशिरा कळलं.

त्यानंतर बऱ्याच फेऱ्या झाल्या. आता ओळखीतलं कुणी 'आम्हालाही पक्षी बघायला जायचंय' म्हणालं की मी त्यांना हेच सगळं तोंडी सांगत बसतो. म्हणून एकदा लिहूनच काढलं.

जागेबद्दल थोडक्यात. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात कालव्यांसाठी बंधारा बांधला. गोदावरीचे डावा आणि उजवा हे दोन्ही कालवे इथूनच निघतात. बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, पाणी उथळ झालं, मध्ये बेटं तयार झाली, पाणकणीस वाढलं. पाटबंधारेवाल्यांच्या दृष्टीने हे नुकसानच, पण बदकांना याहून काय हवं? १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झालं आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून हिचं नाव जाहीर झालं. लोक हिला 'महाराष्ट्राचं भरतपूर' म्हणतात. राजस्थानातलं ते पक्ष्यांसाठी प्रसिद्ध भरतपूर मनात ठेवून गेलात तर मात्र हिरमुसाल. इथे पक्षी लांब असतात. हे आधीच माहीत असलेलं बरं.

१. दिवस कोणता धरायचा

दिवाळी उरकली, निफाडकडे पहाटे स्वेटर चढू लागले, की निघायचं. नोव्हेंबरचा मध्य ते डिसेंबरचा पहिला आठवडा हा नवशिक्यासाठी सगळ्यात चांगला काळ. उत्तरेकडून आलेली बदकं तोवर स्थिरावलेली असतात, आकाश स्वच्छ असतं आणि जानेवारीची गर्दी अजून सुरू झालेली नसते.

शक्यतो आठवड्यातला मधला वार घ्या. ५ ते १२ नोव्हेंबर हा राज्यात पक्षी सप्ताह असतो. ५ तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ ला डॉ. सालिम अलींचा. त्या आठवड्यात जाणकार माणसं भेटतात, पण शाळांच्या सहलीही भेटतात. शिकायचं असेल तर तेव्हा जा, शांतता हवी असेल तर नंतर.

आणि एक प्रश्न निघण्याआधी नक्की विचारा: 'पाणी किती आहे?' गाईडचा नंबर असेल तर त्याला, नसेल तर आधी जाऊन आलेल्या कुणाला. वर गंगापूर, दारणा ही धरणं आहेत. तिथून आवर्तन सुटलं किंवा जायकवाडीसाठी पाणी सोडलं की इथली पातळी चढते, गाळाची बेटं बुडतात आणि चिखलात चोच खुपसणारे शेकाट्या, तुतारी, मळगुजा हे सगळे दुसरीकडे जातात. बदकांना त्याचं फारसं काही नाही. म्हणजे दिवस वाया जात नाही, फक्त काय बघायला मिळणार ते बदलतं.

२. सोबत काय घ्यायचं

- ओळखपत्र. आधार किंवा वाहन परवाना पुरतो. गाडीची कागदपत्रंही ठेवा.
- सुटे पैसे. प्रवेश, कॅमेरा आणि गाईड यांचे पैसे वेगवेगळे द्यावे लागतात, आणि मोबाइलला रेंज असेलच याचा भरवसा धरू नका.
- दुर्बीण. दोघांत एक चालत नाही. ज्याच्या हातात नसते तो दहा मिनिटांत कंटाळतो.
- वही आणि शिसपेन्सिल. पहाटेच्या दवात बॉलपेन रुसतं.
- चित्रांचं पक्षी-ओळखीचं एखादं पुस्तक. मोबाइलवर मर्लिन हे पक्षी ओळखायचं अ‍ॅप घ्यायचं असेल तर त्यातला भारताचा संच घरीच उतरवून ठेवा.
- कानटोपी, स्वेटर आणि आत सुती शर्ट. निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रातलं तापमान थंडीत वर्तमानपत्रात का छापून येतं, हे पहाटे सहाला कळतं. अकरा वाजता मात्र त्याच जागी घाम येतो.
- पाणी, आणि हातात धरून खाता येईल असं काही. कुरकुरीत पुडे नकोत, त्यांचा आवाज फार होतो.

कपडे मातकट, खाकी, शेवाळी असे. माझं लाल जॅकेट पुढे पुतण्याला दिलं.

दुर्बीण विकत घेणार असाल तर ८×४२ घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुकानदार १० किंवा १२ पटीची पुढे करतो. पट वाढली की हाताचं थरथरणंही तितकंच वाढतं आणि नजरेचा घेर आक्रसतो. पहिल्याच फेरीसाठी मात्र विकत घेऊ नका, कुणाची तरी मागून न्या. लांबचं बघायला तिपाईवरची मोठी दुर्बीण बहुतेक गाईडांकडे असते.

घरीच गच्चीवर एक काम उरकून ठेवा. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा. मग डावा मिटून उजव्या नळीवरची कडी फिरवून उजव्याला स्पष्ट करा. त्या कडीला पुन्हा हात लावायचा नाही. चष्मा असेल तर डोळ्यांकडचे रबरी कप आत दाबून घ्या. हे न केल्यामुळे 'मला दुर्बिणीतून नीट दिसतच नाही' म्हणणारी कितीतरी माणसं मी पाहिली आहेत.

३. पोहोचायचं कसं

नाशिकहून साधारण चाळीस किलोमीटर. संभाजीनगर रस्त्याने निफाडला यायचं आणि तिथून आत वळायचं. रेल्वेने येणाऱ्यांना नाशिकरोड सोयीचं. निफाडलाही स्टेशन आहे, पण थांबणाऱ्या गाड्या मोजक्या. पुण्याकडचे सिन्नरवरून येतात.

इथे पहिला सापळा. मोबाइलच्या नकाशात नुसतं 'नांदूर' टाकलंत तर तो तुम्हाला पुणे रस्त्यावरच्या नांदूर शिंगोट्याला नेऊन उभं करेल. आमच्या एका मित्राने तिथून फोन करून विचारलं होतं, 'तळं कुठे आहे?' पूर्ण नाव टाका, किंवा त्याहून चांगलं म्हणजे 'चापडगाव' टाका. मनोरे आणि पायवाटा तिकडे आहेत. खाणगाव थडीच्या बाजूनेही पाणी छान दिसतं. नांदूर मध्यमेश्वर गावात बंधारा आणि मध्यमेश्वराचं देऊळ आहे. ते बघायला जरूर जा, पण दुपारी.

दुसरा सापळा रस्त्यावरचा. नोव्हेंबरात कारखान्यांचा हंगाम सुरू होतो आणि उसाच्या ट्रॉल्या रात्रभर धावतात. मागे दिवा असतोच असं नाही. पहाटेच्या अंधारात, त्यातून धुकं असेल तर, गाडी चाळीसच्या वर नेऊ नका. आणि वाटेत उसाच्या कडेला 'जरा पाय मोकळे करू' म्हणून उतरू नका. निफाड तालुक्यात उसात बिबटे राहतात. ही घाबरवायची गोष्ट नाही, गावातली शेंबडी पोरंसुद्धा हे सांगतील.

सूर्य या दिवसांत पावणेसातच्या सुमाराला वर येतो. साडेसहाला फाटकाशी हजर राहायचं, गाडी तिथेच ठेवून पुढे पायी.

४. गाईड घ्या, आणि पहिली वीस मिनिटं दुर्बीण लावू नका

गाईड आसपासच्या गावांतलीच मुलं आहेत. काल कुठला थवा कुठे बसला होता हे त्यांना माहीत असतं. ते ज्ञान कुठल्याही पुस्तकात नाही. पैसे वाचवायला गाईड टाळू नका. वाचवायचेच तर दुर्बिणीवर वाचवा.

माझ्या दुसऱ्या फेरीत अशाच एका दादाने मला पहिलं वाक्य सांगितलं ते असं: 'आधी उन्हाकडे पाठ करा, मग बघू.' एवढं एकच लक्षात ठेवलंत तरी हा लेख वसूल झाला. तळ्यावरचा दिवस उन्हाच्या हिशोबाने आखायचा. सकाळी ऊन पूर्वेकडून येतं, तेव्हा पाणी तुमच्या पश्चिमेला असेल अशी जागा शोधा. संध्याकाळी उलट. मनोरा समोर दिसतोय म्हणून त्यावर चढायचं नाही. तिथून ऊन डोळ्यांवर येत असेल तर तो मनोरा संध्याकाळसाठी राखून ठेवा.

जागा सापडली की बसा. नुसत्या डोळ्यांनी पाणी बघा. कुठे थवा आहे, कुठे काही पोहतंय, कुठे काठावर हालचाल आहे. सुरुवातीला सगळं सारखंच दिसतं, मग हळूहळू वेगळं होत जातं. दुर्बीण लावताना नजर पक्ष्यावरून काढायची नाही. डोळे तिथेच ठेवून दुर्बीण डोळ्यांसमोर आणायची. खाली बघून दुर्बीण उचललीत की पक्षी हरवलाच.

५. यादी नको, आधी थोडेच पक्षी पक्के करा

इथे दोनशेहून जास्त जातींची नोंद आहे. त्यातल्या पन्नास पहिल्याच दिवशी दाखवणारा गाईड तुम्हाला भेटेल आणि घरी पोहोचेपर्यंत तुम्ही अठ्ठेचाळीस विसराल. त्यापेक्षा पुढचे नीट बघा.

वारकरी. माझी 'काळी बदकं' ती हीच. अंग राखी-काळं, चोच आणि कपाळावरचा टिळा पांढराशुभ्र. कार्तिकीच्या सुमाराला यांची गर्दी वाढते, त्यामुळे नाव विसरायला होत नाही. हे बदक नाही, पाणकोंबडीच्या कुळातला पक्षी आहे. बदकासारखे जोडलेले पंजे याला नसतात, बोटांवर सुट्या झालरी असतात. उडायचं म्हटलं की आधी पाण्यावरून फडफडत लांबवर धावतो. ते बघितलंत की ओळख कायमची.

हळदी-कुंकू बदक. हे इथलंच, बारमाही. चोच काळी, टोकाला हळदीचं बोट लावल्यासारखी पिवळी आणि मुळाशी दोन्ही बाजूंना कुंकवाचे ठिपके. ज्याने कुणी हे नाव ठेवलं त्याने दुर्बिणीशिवाय ठेवलं असणार, इतकं जवळून बघणारी माणसं होती आपल्याकडे.

थापट्या. चोच पुढे पसरट होत गेलेली, उलथन्यासारखी. मान पाण्यालगत ताणून चोच डावी-उजवीकडे चाळणीसारखी फिरवत पोहतो. पुष्कळदा चार-सहा जण एकामागोमाग गोल फिरतात. पायांनी ढवळून वर आलेलं मागचा टिपतो.

तलवार बदक. लांब मान, नराच्या शेपटीला सुईसारखं टोक. पाण्यात डोकं खाली आणि शेपूट वर करून खातं, तेव्हा थव्यात नुसती ढुंगणं दिसतात. लहान मुलांना सगळ्यात आवडतं ते हेच.

आता शरदातला खास घोटाळा. पुस्तकात नर बदक झळाळत्या रंगांत दाखवलेलं असतं आणि समोर सगळी तपकिरी माद्याच दिसतात. नर गेले कुठे? समोरच आहेत. विणीनंतर नर आपली रंगीत पिसं टाकतात आणि काही काळ मादीसारखेच दिसतात. नोव्हेंबरात कितीतरी जण अर्धवट असतात. थापट्याचा एखादा नर डोक्यावर हिरवे ठिगळ, छातीवर मळका पांढरा असा, दिवाळीत अर्धाच रंग दिलेल्या घरासारखा. भुवई बदकाचे नर तर ती पांढरी भुवई हिवाळा बराच पुढे जाईपर्यंत दाखवत नाहीत. म्हणून रंगावर जाऊ नका. चोचीचा आकार, मानेची लांबी, खाण्याची पद्धत बघा. त्या वर्षभर बदलत नाहीत.

जांभळी पाणकोंबडी. हिच्यासाठी वेळ राखून ठेवा. पाणकणसाच्या कडेला निळ्या-जांभळ्या अंगाची, लाल चोचीची, चालताना शेपटी झटकणारी. मी एकदा तासभर एकीकडेच बघत बसलो होतो. तिने पाणकणसाचा एक दांडा मुळाशी चोचीत धरून खेचला, तो निघेना, तेव्हा पाय रोवून पुन्हा खेचला. निघाल्यावर एका पायावर उभी राहिली आणि दुसऱ्या पायाच्या लांब बोटांत तो दांडा आपण उसाचं कांडं धरतो तसा धरला. साल सोलली, आतला पांढरा गाभा खाल्ला, चोथा टाकला. तेवढ्यात दुसरी आली तर कांडं पायात धरूनच लंगडत पाणकणसाच्या आड गेली.

कमळपक्षी. पानांवरून चालणारा. पुस्तकातली लांब शेपटी थंडीत शोधू नका, ती विणीच्या काळातली असते.

बाकी टिबुकली, शेकाट्या, चमचा, राखी बगळा, जांभळा बगळा, चित्रबलाक, नदी सुरय, कवड्या धीवर हे गाईड दाखवेलच. चक्रवाकाची जोडी दिसली तर मात्र थांबा. संस्कृत कवितेत रात्रभर विरहात रडणारा हा केशरी पक्षी प्रत्यक्षात बराच भांडकुदळ वाटतो.

आणि एक खूण. पांगलेले वारकरी अचानक एकमेकांजवळ सरकून दाट घोळका करू लागले, की पाण्याकडे बघणं सोडा आणि वर बघा. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी आलेला असतो. पाणकणसावरून पंख किंचित वर धरून, डुलत, अगदी खालून जातो. बदकं उठतात, घिरटी घेतात आणि मिनिटाभरात पुन्हा बसतात. उडणारी बदकं बघायची असतील तर याची वाट बघा. दगड मारून पक्षी उठवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्याशी भांडलोही आहे.

६. दुपार

अकरा ते तीन पक्षी विसावतात आणि उन्हाची झळ पाण्यावर थरथरते. या वेळात लांबचं काही ओळखायच्या भानगडीत पडू नये. गाईडला सकाळीच सांगितलंत तर गावात पिठलं-भाकरीची सोय बहुतेक वेळा होते. जेवा, देऊळ बघा, झाडाखाली लवंडा. रस्त्याच्या कडेच्या द्राक्षबागा ऑक्टोबर छाटणीनंतर नुकत्या भरत असतात, फवारणी चालू असते. बागेत विचारल्याशिवाय शिरू नका. 'एखादा घड?' असंही विचारू नका, द्राक्षं अजून हरभऱ्याएवढीसुद्धा झालेली नसतात.

७. मोजायचं कसं

एकेक मोजायला गेलात तर थवा तेवढ्यात हलतो. आधी दहा मोजा आणि ते दहा थव्याचा किती भाग व्यापतात ते डोळ्यांत बसवा. मग तेवढेच तुकडे पुढे मोजत जा: दहा, वीस, तीस. मोठ्या थव्याला शंभराचे तुकडे. दोघांनी वेगवेगळं मोजून मग आकडा सांगायचा, पहिल्याने बोललं की दुसऱ्याचं डोकं तिकडेच झुकतं.

वहीत वेळ, जागा, जात, संख्या आणि ओळखलं कशावरून, एवढं लिहा. ओळख पटली नाही तर 'तपकिरी, बदकाएवढा, चोच लांब, खाली वाकलेली' असं वर्णन लिहा, नाव ठोकून देऊ नका. घरी आल्यावर ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी चढवता येते. तिथे चुकीचं नाव टाकण्यापेक्षा 'बदक, जात कळली नाही' असं टाकायची सोय आहे, ती वापरायला लाजू नका.

८. हे करू नका

मोबाइलवरून पक्ष्यांचा आवाज वाजवून त्यांना बोलावू नका. ड्रोन आणू नका, परवानगीशिवाय अभयारण्यात चालत नाही आणि खालचा सगळा थवा उठतो तो वेगळाच. फोटोसाठी गाळावर उतरू नका. वरून घट्ट दिसणारा गाळ गुडघ्यापर्यंत आत घेतो. माझा एक बूट अजून तिथेच आहे.

९. संध्याकाळ

चारला परत या, आता सकाळी टाळलेल्या मनोऱ्यावर. ऊन पाठीशी, समोरचं पाणी सोनेरी. बगळे आणि शराटी ओळीने झाडांवर परतू लागतात. भिंगऱ्या पाणकणसावर घिरट्या घालतात. सूर्य सहाच्या आधीच मावळतो. त्यानंतरची दहा मिनिटं बहुतेक लोक फाटकाकडे चालत असतात. फाटक बंद व्हायची वेळ सकाळीच विचारून ठेवा आणि जमत असेल तर तेवढी दहा मिनिटं थांबा. दिवसभर झोपा काढणारी बदकं तेव्हा खाण्यासाठी शेतांकडे आणि डबक्यांकडे निघतात. दिसत फार नाही. डोक्यावरून पंखांचा सूं सूं आवाज जातो, त्यातच एखादी बारीक शीळ. ती तरंग बदकाची.

गाडी सुरू करण्याआधी आतला दिवा लावून वही पूर्ण करा. घरी गेल्यावर लिहू म्हटलं की जेवण होतं, झोप येते आणि पानावर एकच ओळ उरते. मग काच पुसा, दिवे तपासा. उसाच्या ट्रॉल्या आता भरलेल्या असतात.